फ्रान्समध्ये निवांत फिरायचं तर प्रांत आणि मुक्कामाचं गाव कसं निवडावं

पंधरा दिवसांची रजा, हातात आठ-दहा देखण्या गावांची यादी आणि ती सगळी गावं एकाच सहलीत बसवायचा हट्ट. फ्रान्सची आखणी बहुतेक वेळा इथेच बिघडते. कोलमार पूर्वेला, जर्मनीच्या सीमेजवळ. सार्ला नैर्ऋत्येला, दोर्दोन्यमध्ये. दिनां वायव्येला, ब्रिटनीत. गोर्द दक्षिणेला, प्रोव्हान्समध्ये. नकाशावर देश आटोपशीर वाटतो, पण वेगवान रेल्वेमार्ग चाकाच्या आऱ्यांसारखे पॅरिसमधून बाहेर पसरलेत. एका टोकाच्या गावातून दुसऱ्या टोकाच्या गावात जायचं म्हणजे अनेकदा आधी पॅरिसला परत यायचं, सामानासकट स्टेशन बदलायचं आणि पुढची गाडी धरायची. कोलमारहून सार्लाला जाण्यात अख्खा दिवस जातो.

म्हणून गावांची यादी तूर्त बाजूला ठेवा. आधी रात्री मोजा, मग महिना बघून प्रांत ठरवा, मग त्या प्रांतात मुक्कामाचं एक गाव शोधा. आजूबाजूची छोटी गावं त्यानंतर आपोआप जुळतात. हा क्रम उलटा केला की धावपळ ठरलेलीच.

रात्री मोजा, दिवस नको

मुक्काम हलवायचा दिवस फुकट जातो आणि आखताना हे कुणी धरत नाही. खोली सकाळी दहा-अकराला सोडावी लागते, नवी खोली दुपारी तीन-चारनंतर मिळते. भाड्याच्या घराची किल्ली तर कधीकधी पाचला हातात येते. मधल्या वेळात बॅगा कुठे ठेवणार? छोट्या स्टेशनांवर सामानघर बहुधा नसतंच. त्यामुळे तीन रात्रींचा मुक्काम म्हणजे हाती जेमतेम दोन मोकळे दिवस, त्यातला एखादा पावसाचा.

साधा हिशेब असा: सात रात्री असतील तर एकच मुक्काम, दहा ते चौदा रात्रींना दोन, तीन आठवड्यांना तीन. पॅरिस बघायचं असेल तर शेवटच्या दोन-तीन रात्री तिकडे ठेवा, म्हणजे परतीचं विमान चुकायची धास्ती राहत नाही. येतानाचं विमान शार्ल द गोल विमानतळावर सकाळी उतरणार असेल, तर तिथल्या टर्मिनल दोनच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. स्ट्रासबूर, लियों, आव्हिन्यों, रेन, बोर्दो या गावांना तिथून थेट गाड्या आहेत. मात्र विमान उतरणं आणि गाडी सुटणं यांत किमान तीन तास ठेवा. पासपोर्टची रांग कधी वीस मिनिटांत सरते, कधी दीड तास घेते.

महिना प्रांत ठरवतो

आपल्याकडचे बहुतेक लोक मुलांच्या सुट्टीत जातात, म्हणजे मे महिन्यात किंवा दिवाळीच्या आसपास. दोन्ही काळ फ्रान्ससाठी चांगले आहेत, फक्त चुकीची अपेक्षा घेऊन जाऊ नका.

मे महिन्यात लॅव्हेंडर नसतं. जांभळी शेतं डोळ्यांपुढे ठेवून मेमध्ये प्रोव्हान्सला गेलेल्यांना हिरवी झुडपं दिसतात. व्हालांसोलच्या पठारावर फुलोरा साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असतो. सो गावाजवळच्या पठारावर उंचीमुळे तो थोडा उशिरा येतो आणि जुलैअखेरीपर्यंत टिकतो. मेमध्ये मात्र त्याच प्रोव्हान्समध्ये शेतांच्या कडेने लालभडक पॉपी फुललेली असते, लुबेरों डोंगररांगेच्या उतारांवर चेरी पिकायला लागते, बाजारात शतावरीच्या कोवळ्या कोंबांच्या आणि स्ट्रॉबेरीच्या पेट्या असतात आणि उन्हाचा चटका नसतो. महिनाअखेरीस सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे दिवस हवा तितका ताणता येतो. एक अडचण आहे: १ मे आणि ८ मे या सुट्ट्या आणि ईस्टरच्या तारखेप्रमाणे सरकणारे असेन्शनचा गुरुवार व पेंटेकॉस्टचा सोमवार. गुरुवारी सुट्टी आली की फ्रेंच लोक शुक्रवार जोडून घेतात आणि चार दिवस बाहेर पडतात. याला ते ‘पों’ म्हणजे पूल म्हणतात. त्या चार दिवसांत गाड्या आणि खोल्या भरतात, म्हणून मुक्काम हलवायचा दिवस त्यात येऊ देऊ नका.

दिवाळीच्या सुमाराला बर्गंडी आणि अल्सासमधले द्राक्षमळे पिवळे-तांबूस होतात, आणि हा देखावा लॅव्हेंडरच्या तोडीचा आहे. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळ अचानक लवकर येते. १ आणि ११ नोव्हेंबरला सुट्टी असते. जिव्हर्नीतली चित्रकार मोनेची बाग १ नोव्हेंबरनंतर बंद होते, ती थेट १ एप्रिलला उघडते. दोर्दोन्यमधली बरीच उपाहारगृहंही या सुमारास हंगाम संपवून दारं लावून घेतात.

जुलै-ऑगस्टमध्ये जायची सक्ती असेल तर दक्षिण टाळून ब्रिटनी किंवा नॉर्मंडीचा किनारा निवडा. मे आणि सप्टेंबर यांत निवडता येत असेल तर सप्टेंबर. शाळा सुरू झालेल्या असतात, हवा अजून उबदार असते आणि द्राक्षतोडणी चालू असते.

कोणाला कुठला प्रांत

अल्सासपासून सुरुवात करणं पहिल्या सहलीसाठी सगळ्यांत सोपं. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनातून कोलमार थेट गाडीने सुमारे दोन तास वीस मिनिटांवर आहे, आणि स्टेशनपासून जुनं गाव पंधरा-वीस मिनिटं चालत, तेही सपाट रस्त्याने. १८७१ ते १९१८ आणि पुन्हा दुसऱ्या महायुद्धात हा भाग जर्मनीकडे होता. घरांच्या लाकडी चौकटी, गावांची नावं आणि ताटातले पदार्थ, सगळ्यांत हे मिश्रण दिसतं. मार्लेनहाइमपासून थानपर्यंतचा द्राक्षमळ्यांचा रस्ता १७० किलोमीटरचा आहे, तो पूर्ण करायचा मोह धरू नका. कोलमारला राहा आणि एगिशाइम, रिकव्हीर, केझर्सबेर्ग यांतलं रोज एकच गाव करा. एगिशाइम तर जेमतेम सात किलोमीटरवर, मळ्यांमधून सायकलने जाता येतं. या गावांना बस जाते, पण रविवारी बस जवळपास नसतेच. रविवार उंटरलिंडन संग्रहालयातल्या इझेनहाइमच्या वेदीचित्रासाठी ठेवा. नाताळचे बाजार ऐकून डिसेंबरात जायचं असेल तर जा, पण त्या दिवसांत कोलमारच्या गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते. निवांतपणा शोधणाऱ्यांसाठी तो महिना नाही.

बर्गंडीत मुक्कामाला दिजों किंवा बोन. दोन्हींमध्ये रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटं. बोन सुमारे वीस हजार वस्तीचं, तटबंदीच्या आत अर्ध्या तासात ओलांडता येणारं गाव. १४४३ साली निकोला रोलांने उभारलेलं तिथलं धर्मादाय रुग्णालय रंगीत कौलांच्या छपरामुळे प्रसिद्ध आहे, आणि तिथे १९७१ पर्यंत रुग्णांवर उपचार होत होते. बोनहून सांतनेपर्यंत मळ्यांमधून सुमारे बावीस किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. पोमार, व्होलने, मर्सो ही गावं वाटेत लागतात. चढ सौम्य आहेत, तरी विजेवर चालणारी सायकल घ्या आणि मर्सोपर्यंत जाऊन परता, तेवढंच पुरेसं होतं. वाइन न पिणाऱ्यांनी बर्गंडी गाळायचं कारण नाही. सेम्यूर-आं-ओक्सुआ, नोयेर, व्हेझले ही गावं आणि कालव्याकाठच्या सपाट वाटा कुणासाठीही आहेत. फक्त या गावांना मोटार लागते.

प्रोव्हान्समध्ये चूक होते ती मुक्कामाची. फोटो बघून लोक गोर्दला खोली घेतात. डोंगराच्या टोकावरचं हे गाव बघायला सुंदर आहे, पण तिथे रेल्वे नाही, दुकानं थोडी, चढ फार, भाव चढे आणि जेवायला बाहेर पडायचं तरी मोटार काढावी लागते. त्याऐवजी लिल-स्युर-ला-सोर्ग बघा. आव्हिन्यों सांत्र स्टेशनातून लोकल गाडीने अर्धा तास, गावातून वाहणारी सोर्ग नदी, शेवाळलेली जुनी पाणचक्कीची चाकं आणि रविवारी सकाळी प्रोव्हान्समधला एक मोठा बाजार. नदीचा उगम असलेलं फोंतेन-द-व्होक्लूझ सात किलोमीटरवर. गोर्द, रुसियों, बोन्यू ही लुबेरोंची गावं इथून मोटारीने दिवसात होतात. इथे एकच सावधगिरी, मिस्ट्राल नावाचा उत्तरेचा वारा. तो कधीकधी ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठतो, आकाश मात्र निळंशार ठेवतो. मे महिन्यातही वारा अडवणारं जाकीट हवंच.

दोर्दोन्य मोटारीवाचून करू नका. सार्लाला रेल्वे आहे, बोर्दोहून अडीच-पावणेतीन तासांत गाडी पोचते, पण ला रोक-गाजाक, बेनाक, दोम ही नदीकाठची गावं बसच्या भरवशावर होत नाहीत. सार्ला मात्र राहण्याजोगं खरं. जुन्या वास्तू वाचवण्यासाठी १९६२ साली आलेल्या माल्रो कायद्याखाली सगळ्यांत आधी डागडुजी झालेल्या गावांपैकी हे एक. पिवळसर दगडांचं हे गाव रात्री दिव्यांत बघावं, तेव्हा दिवसाची गर्दी गेलेली असते. आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे. मोंतिन्याकला २०१६ च्या डिसेंबरात उघडलेली तिची संपूर्ण प्रतिकृती बघता येते, पण मे ते सप्टेंबर तिकीट आधी काढल्याशिवाय जाऊ नका, दारातून परतावं लागतं.

समुद्र हवा असेल तर ब्रिटनी. दिनां हे तटबंदीचं गाव आणि सें-मालो हे बंदर, दोन्ही एका मुक्कामातून होतात. भरती-ओहोटीतला फरक इथे मोठ्या उधाणाला बारा मीटरच्या पुढे जातो. ओहोटीत सें-मालोच्या किल्ल्यासमोरच्या बेटांपर्यंत चालत जाता येतं, आणि वेळ चुकली तर तिथेच अडकून पडावं लागतं. भरतीचं वेळापत्रक पर्यटन कार्यालयात मिळतं, ते खिशात ठेवूनच वाळूत उतरा. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांनीही हा फरक कमी लेखू नये. नॉर्मंडीत बायो हे मुक्कामाला उत्तम, पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनातून सव्वादोन तासांच्या आसपास. पण बायोचं प्रसिद्ध भरतकामाचं चित्रवस्त्र ठेवलेलं संग्रहालय १ सप्टेंबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे, ते २०२७ मध्ये उघडायचं नियोजन आहे. फक्त त्यासाठी जाणार असाल तर थांबा.

लुआरच्या खोऱ्यात वयस्कर आई-वडिलांना घेऊन जा. जमीन सपाट, अंतरं कमी. आंबुआझला राहिलात तर लिओनार्दो दा विंचीने १५१९ साली जिथे देह ठेवला ते क्लो-लुसेचं घर चालत गाठता येतं. शेनोंसोच्या राजवाड्याला तूर शहराहून लोकल गाडी जाते आणि स्टेशन अगदी फाटकाजवळ आहे. एका दिवसात दोन राजवाडे मात्र करू नका. तिसऱ्या दालनानंतर सगळे पलंग सारखेच दिसायला लागतात.

मुक्कामाचं गाव पारखायची रीत

प्रांत ठरला की नकाशा उघडा. ‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ ही उपाधी देणारी संस्था १९८२ साली स्थापन झाली. तिच्या यादीत बसायला गावाची वस्ती दोन हजारांच्या आत असावी लागते. ही यादी दिवसा भेट द्यायला फार चांगली, मुक्कामाला बहुधा नाही. संध्याकाळी सहानंतर दुकानं बंद, एखादं उपाहारगृह उघडं, आणि तेही मंगळवारी-बुधवारी बंद असू शकतं. मुक्कामाला साधारण आठ हजार ते तीस हजार वस्तीचं गाव घ्या. आजूबाजूच्या खेड्यांतले लोक जिथे बाजाराला येतात असं तालुक्याचं ठिकाण म्हणा ना.

मग या गोष्टी तपासा. स्टेशनपासून खोलीपर्यंत चालत किती वेळ, आणि वाटेत किती चढ? नकाशावर आठशे मीटर दिसतात, पण दिनांसारख्या ठिकाणी बंदरावरून गावात चढणारी फरसबंदी गल्ली चाकांच्या बॅगेचा आणि गुडघ्यांचा जीव काढते. रस्त्याचं छायाचित्र दाखवणाऱ्या नकाशावर ती वाट एकदा चालून बघा. चालत जाण्याजोग्या अंतरात पावाची दोन दुकानं आहेत का? एक नव्हे, दोन, कारण प्रत्येक पाववाला आठवड्यातून एक-दोन दिवस बंद ठेवतो. औषधाचं दुकान आणि छोटं किराणा दुकान गावातच आहे का, की गावाबाहेरच्या सुपरमार्केटलाच जावं लागतं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आठवडी बाजार कोणत्या वारी?

बाजाराचा वार हा निवांत सहलीचा कणा आहे. बोनला शनिवार. सार्लाला बुधवार आणि शनिवार. दिनांला गुरुवार. आंबुआझला शुक्रवार आणि रविवार, त्यांतला रविवारचा मोठा, नदीकाठी. दक्षिणेतल्या युझेसला बुधवार आणि शनिवार. तिकडच्याच आर्लला बुधवार आणि शनिवार. तुमच्या मुक्कामात एक तरी मोठा बाजारवार पूर्ण आला पाहिजे, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही गावात पोचलेले असायला हवेत. सार्लाच्या शनिवारी सकाळी अकराला मोटार घेऊन पोचलात तर पहिला तास गाडी लावायला जागा शोधण्यात जातो. आदल्या रात्री तिथेच असलात तर सकाळी आठला पिशवी घेऊन उतरायचं, बस्स.

बाजारात कसं वागायचं

बाजार आठ-साडेआठला लागतो आणि साडेबाराला गाशा गुंडाळायला लागतो. उत्तम वेळ साडेआठ ते दहा. गाड्यासमोर उभं राहताच ‘बोंझूर’ म्हणा. हा शिष्टाचार नाही, प्रवेशपत्र आहे. न बोलता वस्तूकडे बोट दाखवलं की विक्रेता तुटक होतो आणि लोकांना वाटतं, फ्रेंच माणसं उर्मट असतात.

भाजी-फळांना हात लावू नका, विक्रेताच निवडून देतो. खरबूज किंवा चीज घेताना तो विचारेल, कधी खाणार? आज असेल तर ‘पूर ओझुर्दुई’, उद्या असेल तर ‘पूर दमें’. त्याप्रमाणे तो दाबून, वास घेऊन नेमक्या पिकलेपणाचा नग काढतो. दुपारी खायचं खरबूज वेगळं आणि परवाचं वेगळं, याची त्याला खरी काळजी असते. ‘उन लीव्र’ म्हणजे अर्धा किलो. सुटे युरो जवळ ठेवा, लहान शेतकऱ्यांकडे कार्ड चालेलच असं नाही. आणि पाटीवर ‘प्रोद्युक्तर’ लिहिलेलं असेल तर माल त्याच्या स्वतःच्या शेतातला आहे. अशा गाड्यावर पिकं कमी प्रकारची असतात पण ताजी. बारा महिन्यांची सगळी फळं एकाच गाड्यावर दिसली तर तो ठोक बाजारातून आणलेला माल आहे.

शाकाहारी मंडळींसाठी

शाकाहार पाळायचा असेल तर स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, या एका निर्णयाने निम्मा ताण जातो. सुपरमार्केटात ल-प्वीची हिरवी मसूर, छोले, तांदूळ, साधं दही सगळं मिळतं. मसाले, डाळ, पोहे इथून न्या. पण तूप, पेढे, बर्फी, दुधाची पावडर नेऊ नका: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने आणायला बंदी आहे. कढीपत्त्याची ताजी पानंही नकोत, वाळवून कुटलेली चटणी न्या.

बाहेर जेवताना धोका दिसतो तिथे नसतो, न दिसणाऱ्या ठिकाणी असतो. दोर्दोन्यमधले परतलेले बटाटे निष्पाप दिसतात, पण ते बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परतलेले असतात. अल्सासच्या पातळ, कांदा घातलेल्या तार्त फ्लांबेवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतातच. ‘सां लार्दों’ सांगितलं तर बहुतेक ठिकाणी वगळून देतात. भाजीच्या सूपमध्ये मांसाचा रस असू शकतो. पारंपरिक चीज घट्ट करायला वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, म्हणून काटेकोर पाळणाऱ्यांनी पुड्यावरची घटकांची यादी वाचावी. ‘झ न मांझ नी व्यांद नी प्वासों’, म्हणजे मी मांसही खात नाही आणि मासेही, एवढं वाक्य पाठ करा. ब्रिटनी शाकाहाऱ्यांना सगळ्यांत सोपी, कारण तिथे कुट्टूच्या पिठाची घावनासारखी गालेत प्रत्येक गल्लीत मिळते आणि चीज, अंडं, मशरूम घालून करून देतात. अंडंही नको असेल तर चीज-मशरूमची मागा.

जेवणाच्या वेळा पक्क्या असतात: दुपारी बारा ते दोन, रात्री सात-साडेसात ते साडेनऊ. तीनला भूक लागली तर पावाच्या दुकानातलं काहीतरी, बाकी काही नाही. दुपारचं ठरावीक किमतीचं जेवण रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं, म्हणून मुख्य जेवण दुपारी करा. ‘उन काराफ दो’ मागितलं की नळाचं पाणी फुकट मिळतं आणि ते पिण्याजोगं असतं.

रविवार, सोमवार आणि घराचे नियम

रविवारी सुपरमार्केट बहुधा दुपारी साडेबारा-एकपर्यंतच, रविवार रात्री आणि सोमवारी निम्मी उपाहारगृहं बंद, सोमवारी बरीच दुकानंही. त्यामुळे रविवारी संध्याकाळी नव्या गावात पोचू नका. पोचावंच लागलं तर रात्रीचं जेवण बरोबर ठेवा.

भाड्याचं घर, म्हणजे ‘झीत’, जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार ते शनिवार असंच मिळतं. मे आणि सप्टेंबरात तीन-चार रात्रींनाही मिळतं. घेताना तीन प्रश्न विचारा: चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का, शेवटची साफसफाई कोण करणार, अनामत किती. चादरी नसतील तर पहिल्या रात्री उघड्या गादीवर झोपायची पाळी येते. ‘शांब्र दोत’ म्हणजे घरमालकाच्याच घरातली खोली. कायद्याने अशा घरात जास्तीत जास्त पाच खोल्या असतात आणि न्याहारी भाड्यातच येते. यजमानांशी बोलायची आवड असेल तर हा सगळ्यांत छान पर्याय. जुन्या घरांना लिफ्ट नसते, तिसरा मजला म्हणजे खरोखर तीन जिने.

गाडी की मोटार

पॅरिसहून सुटणाऱ्या वेगवान गाड्यांची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त, दिवस जवळ येईल तशी महाग. विक्री काही महिने आधी सुरू होते. प्रांतातल्या लोकल गाड्यांचं भाडं मात्र बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं, ते आदल्या दिवशी काढलं तरी चालतं. वेगवान गाडीत बॅगेवर नावाची चिठ्ठी सक्तीची आहे, आणि दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात.

स्टेशनच्या नावांत गफलत होते. आव्हिन्योंला दोन स्टेशनं आहेत, वेगवान गाड्यांचं गावाबाहेर आणि ‘सांत्र’ गावात. दोन्हींमध्ये पाच मिनिटांची जोडगाडी आहे. एक्स-आं-प्रोव्हान्सचं वेगवान गाड्यांचं स्टेशन गावापासून पंधरा-एक किलोमीटरवर, पुढे बस. तूरला जाणाऱ्या अनेक गाड्या सें-पिएर-दे-कोर या शेजारच्या स्टेशनावर थांबतात.

मोटार फक्त जिथे लागते तिथे घ्या, पूर्ण सहलभर नको. लिल-स्युर-ला-सोर्गला आठ रात्री असतील तर मधले तीन दिवस पुरतात. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ परवानाही बरोबर ठेवा. वाहतूक उजवीकडून. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर वेगमर्यादा साधारण ताशी ८० किलोमीटर, गावात ५० किंवा ३०. आपल्याकडच्या चालकांना खरी अडचण होते ती ‘उजवीकडून येणाऱ्याला आधी’ या नियमाची. गावात काही पाटी नसेल तर उजवीकडच्या छोट्या गल्लीतून येणारी गाडीही न थांबता पुढे येऊ शकते, आणि तो तिचा हक्क आहे. विनागिअरची मोटार हवी असेल तर आधीच मागा, त्या कमी असतात. छोट्या गावातली भाड्याची कार्यालयं दुपारी जेवायला आणि रविवारी पूर्ण बंद असतात, म्हणून मोटार शनिवारी सकाळी घ्यायची आणि सोमवारी परत करायची असं बेतू नका. रविवारचं भाडं नुसतं वाढतं.

चौदा रात्रींचा एक जुळवलेला बेत

मेसाठी, मागे न फिरता एका दिशेने जाणारा. विमानतळावरून पॅरिस, तिथून कोलमार, पाच रात्री. पुढे म्युलूझला गाडी बदलून दिजों आणि तिथून बोन, चार रात्री, त्यांत शनिवार आलाच पाहिजे. मग लियोंमार्गे आव्हिन्यों आणि लिल-स्युर-ला-सोर्ग, पाच रात्री, त्यांत रविवार. परतताना आव्हिन्योंहून थेट शार्ल द गोल विमानतळ. पॅरिस यात नाही. हे तीन मुक्काम आहेत, म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबापेक्षा एक जास्त, पण तिन्ही एकाच रेल्वेवाटेवर असल्याने चालून जातं. लहान मुलं बरोबर असतील तर बोन गाळा आणि त्या रात्री बाकी दोन ठिकाणी वाटा.

आरक्षणाचा क्रम: आधी विमान, मग बाजारवार बघून मुक्काम, मग व्हिसा, मग वेगवान गाड्या. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून किमान पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. मे महिन्याच्या सहलीसाठी फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्या, एप्रिलमध्ये वेळा मिळत नाहीत. प्रौढांना शुल्क ९० युरो, सहा ते बारा वयाच्या मुलांना त्याच्या निम्मं, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मुक्काम रद्द करता येण्याजोगे घ्या आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारी तिकिटं काढू नका.

आरक्षण करताना गावाच्या नावाबरोबर पिन कोड जुळवा. फ्रान्समध्ये एका नावाची अनेक गावं असतात आणि कोडचे पहिले दोन आकडे जिल्हा सांगतात: कोलमारचा ६८, बोनचा २१, लिल-स्युर-ला-सोर्गचा ८४, सार्लाचा २४, आंबुआझचा ३७, दिनांचा २२. प्रोव्हान्समधल्या सें-रेमीचा १३. विमानतळाहून पॅरिसमार्गे जाणाऱ्या उपनगरी गाडीच्या पाटीवरही शेवटचं स्टेशन सें-रेमी असं दिसतं, पण ते सें-रेमी-ले-श्व्हरझ, पॅरिसचंच एक उपनगर. चित्रकार व्हॅन गॉग १८८९-९० मध्ये जिथे राहिला ते सें-रेमी तिथून सातशेच्या आसपास किलोमीटर दक्षिणेला आहे.